हिरव्या जेडाइटचा रंग पारखताना

दिव्याखाली रंग ठरवायचा नाही, हा जेडाइटच्या, म्हणजे जेड या दागिन्यांच्या दगडाच्या एका प्रकाराच्या, चिनी व्यापारातला जुना नियम. तो पाळला नाही तर पुढची सगळी पारख वाया जाते. पिवळसर उजेडात जेडाइटमधली निळसर आणि करडी झाक दबते, हिरवा रंग ताजा दिसायला लागतो. वरून एकाच जागी पडणारा झोत असेल तर उजेड खड्याच्या आत शिरून पसरतो आणि मध्यम प्रतीचा खडाही आतून उजळल्यासारखा वाटतो. तोच खडा खिडकीशी नेला की क्षणात मलूल होतो. सोनं उठून दिसावं म्हणून लावलेल्या पिवळ्या दिव्यांचा फायदा जेडाइटलाही आयताच मिळतो, म्हणून दागिना उचलून खिडकीपाशी नेण्याचा आग्रह धरायलाच हवा.

उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड सगळ्यात भरवशाचा. वेळ साधारण सकाळी १० ते दुपारी ३, आणि आकाशात हलके ढग असतील तर फारच छान. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तांबूस-पिवळा अंश जास्त असतो, त्यात बघू नये. दिवाच वापरायची वेळ आली तर तो ५००० ते ६५०० केल्व्हिनचा (उजेड किती पिवळसर किंवा निळसर ते सांगणारं एकक) असावा आणि त्याचा सीआरआय, म्हणजे रंग जसेच्या तसे दाखवण्याचा निर्देशांक, ९० च्या वर असावा. ‘पांढरा दिवा’ एवढ्यावर समाधान मानू नये. स्वस्त एलईडीचा उजेड डोळ्याला पांढरा दिसतो, पण त्यात काही रंगांचा वाटा कमी असतो आणि हिरव्याच्या बारीक छटा नेमक्या तिथेच चुकतात.

खड्याखाली चकाकी नसलेला पांढरा किंवा फिकट करडा कागद ठेवा. लाल मखमल बाजूला सारा, कारण लालाशेजारी कुठलाही हिरवा आहे त्याहून तेजदार दिसतो. अंगावर भडक रंगाचा सदरा असेल तर त्याची झाई चकचकीत खड्यावर पडते. खडा आधी ओलसर मऊ कापडाने पुसून कोरडा करा, हाताचं तेल आणि जुनं मेण रंगावर धुरकट थर धरतं. आणि सलग टक लावून बघू नका. हिरव्याकडे बघत राहिलं की डोळा थकतो आणि तिसरा-चौथा खडा पहिल्यापेक्षा फिका वाटायला लागतो. प्रत्येक खड्यानंतर अर्धा मिनिट करड्या कागदाकडे बघितलं की नजर परत जागेवर येते.

आता हा हिरवा येतो कुठून, ते थोडक्यात. शुद्ध जेडाइट, म्हणजे सोडियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट, पांढरं असतं. त्यात ॲल्युमिनियमच्या जागी थोडंसं क्रोमियम शिरलं की पाचूसारखा जिवंत हिरवा मिळतो. लोह शिरलं तर हिरवा निळसर, करडा किंवा काळपट होतो. बहुतेक खड्यांत दोन्ही असतात आणि त्यांच्या प्रमाणावर रंगाची प्रत ठरते. क्रोमियम जास्त म्हणजे रंग जास्त चांगला, असंही नाही. ते फार वाढलं की खडा अपारदर्शक आणि काळपट होत जातो. नेफ्राइट हा दुसरा जेड वेगळ्याच खनिजाचा असतो. अलेक्सी दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६३ साली रासायनिक परीक्षण करून दोन्ही वेगळे दाखवले. नेफ्राइटचा हिरवा मुख्यतः लोहाचा, त्यामुळे उत्तम जेडाइटची झळाळी त्याला सहसा येत नाही. आजही दागिन्यांच्या प्रतीचा हिरवा जेडाइट मुख्यतः उत्तर म्यानमारमधल्या काचिन राज्यातून, फाकांत भागातून येतो.

रंगाची प्रत मोजायला चिनी व्यापारी चार शब्द वापरतात: चंग, नोंग, यांग आणि युन. मराठीत सांगायचं तर छटेची शुद्धता, रंगाचा दाटपणा, रंगाचं तेज आणि रंगाचा एकसारखेपणा. चारही एकदम बघायला गेलं की ‘छान हिरवा आहे’ यापलीकडे मत जात नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा.

छटेची शुद्धता आधी. प्रश्न असा: हिरव्यात दुसरं काय मिसळलंय? पिवळा, निळा की करडा? किंचित पिवळसर झाक खपते, अनेकांना ती हवीशीही वाटते, कारण तिने रंग उजळतो. पण झाक वाढून रंग पोपटी झाला की प्रत उतरायला लागते. निळसर झाकेला त्याहून कमी माफी मिळते, कारण तिच्यासोबत बहुधा काळोखीही येते. सगळ्यात घातक करडी. ती ओळखायला नवख्या माणसाला वेळ लागतो, कारण करडा हा रंग म्हणून दिसतच नाही, फक्त हिरवा थोडा ‘झोपलेला’ वाटतो.

तो पकडायची रीत अशी. दोन खडे पांढऱ्या कागदावर एकमेकांना चिकटवून ठेवा, मध्ये फट नको. एक परीक्षेचा, दुसरा ज्याची प्रत माहीत आहे असा. डोळे अर्धवट मिटून दोघांच्या सांध्याकडे बघा. ज्याच्यात करडा आहे तो लगेच धुळकट दिसेल, जणू त्याच्यावर कुणी ओलं फडकं फिरवलंय. आता दोघांच्या जागा बदला आणि परत बघा. उजेड एका बाजूने जास्त येत असेल तर पहिल्या वेळी झालेली चूक इथे सुटते. एकट्या खड्याला बघून करडा शोधता येत नाही. रंगाची आठवण कुणाचीच पक्की नसते, वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांचीही नाही. म्हणून तुलनेला एखादा स्वस्त पण खात्रीचा, प्रत ठाऊक असलेला खडा जवळ बाळगणं हा या छंदातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे असं माझं ठाम मत आहे.

दाटपणात बहुतेकांची चूक गडदकडे झुकण्याची होते. गडद म्हणजे भारी, असा समज आहे. खरं तर मध्यम ते मध्यम-गडद या पट्ट्यात रंग सगळ्यात सुंदर असतो, त्यापुढे प्रत्येक पायरीला तो काळ्याकडे सरकतो. परीक्षा सोपी आहे. खडा आधी ३० सेंटीमीटरवरून बघा, मग हात लांब करून, मग टेबलावर ठेवून दोन-तीन मीटर मागे जाऊन. जवळून श्रीमंत वाटणारा गर्द हिरवा लांबून काळा ठिपका झाला तर दाटपणा मर्यादेबाहेर आहे. अंगठी शेवटी घातली जाणार आहे, आणि समोरचा माणूस ती एवढ्याच अंतरावरून बघणार आहे. खोलीतल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यातही एकदा बघून घ्या.

तेज म्हणजे पॉलिशची चकाकी नव्हे, हे सांगायला हवं. पॉलिश पृष्ठभागावर असतं आणि खडा फिरवला की त्याचं प्रतिबिंब सरकतं. तेज रंगातच असतं. खडा फिरवला तरी ते हलत नाही, आणि खडा सावलीत नेला तरी हिरवा हिरवाच राहतो. दोन खडे छटेने आणि दाटपणाने अगदी सारखे असूनही एक उठून दिसतो आणि दुसरा नाही, तेव्हा फरक बहुधा तेजाचा असतो. किमतीतही याच ठिकाणी मोठी उडी येते.

एकसारखेपणा पाहायला मात्र आरपार उजेड लागतो. छोटी विजेरी खड्याच्या मागे धरा आणि रंगाचे ढग, रेघा, ठिपके, फिकट कोपरे कुठे आहेत ते टिपा. या उजेडात छटा आणि दाटपणा ठरवू नका, कारण मागून उजेड आल्यावर कुठलाही हिरवा सुंदर दिसतो. विशेषतः ऑम्फासाइट या जेडाइटच्या जवळच्या खनिजाचे काळे खडे लक्षात ठेवा. वरून बघितले तर ते कुळकुळीत काळे, मागून झोत टाकला की कडेला गर्द हिरवे. ते त्यांच्या जागी छान असतात, पण विजेरी लावून त्यांना उंची हिरव्याचा भाव लावणं ही फसवणूक आहे. एकसारखेपणाच्या नियमाला एक देखणा अपवाद आहे: पांढऱ्याशुभ्र, पारभासक जेडाइटमध्ये तेजदार हिरव्या शिरा, बर्फात शेवाळ उगवावं तशा. इथे रंग पसरलेला नसतो आणि तेच त्याचं सौंदर्य. अशा दगडाच्या हातातल्या कड्यात शिरा कुठे संपतात, कडेला कापल्या गेल्या आहेत का, पांढरा खरंच पांढरा आहे की मळकट, एवढं बघायचं.

मोत्याच्या आणि हिऱ्याच्या तेजाला आपण ‘पाणी’ म्हणतो, तसंच चिनी व्यापारीही जेडाइटच्या पारदर्शकतेला पाणीच म्हणतात. रंग आणि पाणी वेगळे मोजायचे असले तरी डोळ्याला ते एकत्रच भेटतात. जेडाइट हा असंख्य बारीक स्फटिकांचा गुंफलेला गोळा असतो. स्फटिक बारीक आणि घट्ट विणलेले असतील तर उजेड आत खोलवर जातो, आजूबाजूचा रंग सोबत घेऊन परततो, आणि थोडा असमान रंगही एकजीव दिसतो. स्फटिक भरड असतील तर उजेड प्रत्येक सांध्यावर विखुरतो, रंग पिठूळ होतो आणि डाग उघडे पडतात. म्हणून अर्ध-पारदर्शक खड्यातला मध्यम रंग अपारदर्शक खड्यातल्या चांगल्या रंगावर मात करतो.

पाण्याबरोबर जाडीही येते, आणि जाडीतच रंगाचे सगळे खेळ चालतात. एकाच दगडातून कापलेला २ मिलिमीटरचा तुकडा आणि ६ मिलिमीटरचा तुकडा यांचा रंग सारखा दिसणं शक्य नाही. फार गडद दगड असेल तर कारागीर घुमटाकार खड्याची पाठ आतून कोरून पोकळ करतात, म्हणजे रंग उजळतो. क्रोमियमने ठासून भरलेला, अपारदर्शक आणि कोरडा हिरवा दगड याच कारणासाठी पातळ पानासारखा कापून सोन्यात बसवतात. यात खोटं काही नाही, पण किंमत त्या पातळ पानाची द्यायची असते. दोन्ही बाजूंनी फुगीर खडा सगळ्यात उंची, त्याखाली सपाट पाठीचा, आणि शेवटी पोकळ पाठीचा. कारण साधं आहे: फुगीर पाठीच्या खड्यात चांगला दगड जास्त गेलेला असतो आणि रंग स्वतःच्या बळावर उभा असतो.

म्हणून बंद कोंदण दिसलं की थांबा. पाठ धातूने पूर्ण झाकली असेल तर खाली पोकळी आहे, चमकदार पत्रा आहे, की काळा लेप आहे, ते कळत नाही. पारदर्शक खडा पाठीचा रंग उचलतो, त्यामुळे फिकट खड्यामागे गडद रंग दिला की खडा आपोआप दाट होतो. मागे निदान एक भोक हवं. त्यातून विजेरीचा झोत आत टाकून समोरून बघा: खडा सगळीकडे सारखा उजळला तर ठीक, मध्यभागी एकदम जास्त उजळून कडेला गडद राहिला तर पाठ कोरलेली आहे. महागड्या दागिन्यात खडा कोंदणातून बाहेर काढून दाखवायला सांगणं अजिबात गैर नाही. पोकळ जेडाइटच्या टोपीत हिरवा पदार्थ भरून खालून दुसरा तुकडा चिकटवलेले जोड-खडेही बनवले गेले आहेत, आणि ते बंद कोंदणातच खपतात. पिवळं सोनं स्वतःची झाई खड्याच्या कडेला देतं हेही ध्यानात असू द्या. निळसर खड्याला त्याने मदत होते, पोपटी खडा आणखी पिवळा होतो.

‘इंपीरियल’ हा शब्द कानावर पडला की चारही प्रश्न पुन्हा विचारायचे. तो शुद्ध, दाट, तेजदार, एकसारख्या आणि जवळजवळ पारदर्शक हिरव्यासाठी आहे, अशा दगडासाठी जो फार क्वचित निघतो. बार्बरा हटन या अमेरिकी धनाढ्य वारसदार स्त्रीला १९३३ साली लग्नात मिळालेली २७ मण्यांची माळ एप्रिल २०१४ मध्ये हाँगकाँगमधल्या सदबीजच्या लिलावात २१ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलरना गेली. तिचे मणी १५.४ ते १९.२ मिलिमीटर व्यासाचे आहेत. या किमतीमागे नुसता रंग नाही. इतके मोठे मणी एकाच रंगाचे मिळायला एकाच दगडातून यावे लागतात आणि मणी कोरताना उरलेला पुष्कळ माल वाया जातो. माळ बघताना म्हणूनच मणी एकेक न बघता ती पांढऱ्या कागदावर सरळ पसरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नजर फिरवावी. एखादा मणी थबकायला लावतो, तोच बेमेळ असतो.

इतकं सगळं बघून रंग आवडला, तरी तो दगडाचा स्वतःचा आहे का हा प्रश्न उरतोच. बाजारात तीन अक्षरं चालतात. ‘ए’ म्हणजे नैसर्गिक, फक्त वरून मेण लावलेला. ‘बी’ म्हणजे ॲसिडने आतले तपकिरी डाग धुऊन, मोकळ्या झालेल्या फटींत रेझिन, म्हणजे राळेसारखा पारदर्शक पदार्थ, भरलेला. ‘सी’ म्हणजे रंगवलेला. धुऊन, भरून आणि वर रंगवलेला असेल तर ‘बी अधिक सी’. ही अक्षरं प्रक्रियेची आहेत, प्रतीची नाहीत. ‘ए’ प्रकारचा खडा अगदी सुमार रंगाचाही असतो, हे अनेक खरेदीदारांना ठाऊक नसतं.

दहापट भिंग घ्या, खडा विजेरीच्या तिरप्या उजेडात धरा आणि रंगाच्या कडा बघा. नैसर्गिक हिरव्याला मूळ असतं: एखाद्या गाभ्यात रंग दाट असतो आणि तिथून तो स्फटिकांच्या आत हळूहळू विरत जातो, पाण्यात पसरलेल्या शाईसारखा पण धूसर कडांचा. रंगवलेल्या खड्यात रंग स्फटिकांच्या आत शिरत नाही. तो त्यांच्यामधल्या फटींत आणि तड्यांत साठतो, त्यामुळे भिंगाखाली बारीक हिरवं जाळं दिसतं आणि जाळ्याच्या घरांत फिकट दाणे. एखादा तडा आजूबाजूपेक्षा गडद हिरवा दिसला की संशय पक्का. असा रंग उन्हाने, उष्णतेने, काळाने उडतो. मग भिंग पृष्ठभागावर न्या आणि वरच्या दिव्याचं प्रतिबिंब जिथे पडतं तिथे बघा. नैसर्गिक खड्यात संत्र्याच्या सालीसारखे हलके खळगे दिसू शकतात, ते ठीक. दाण्यादाण्यांच्या सीमेवर ओरखडल्यासारख्या, एकमेकींत गुंतलेल्या खाचा दिसल्या तर ॲसिडचं काम झालंय असं समजावं.

हातातला वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणारं छोटं उपकरण, असेल तर आणखी बळ येतं. क्रोमियमच्या नैसर्गिक हिरव्यात लाल भागात ६३०, ६५५ आणि ६९० नॅनोमीटरच्या आसपास तीन पायऱ्यांसारख्या रेघा दिसतात, शेवटची सगळ्यात ठळक. रंगवलेल्यात त्यांच्याऐवजी ६५० च्या आसपास एकच रुंद, धूसर पट्टा असतो. चेल्सी फिल्टर, म्हणजे रत्नपारखीचा रंगीत गाळक, याच्या एकट्यावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातून काही रंगवलेले खडे लालसर दिसतात, पण बरेच रंग हिरवेच राहतात. लालसर दिसला तर संशय घ्यावा, हिरवा राहिला म्हणून निश्चिंत होऊ नये.

नकली दगड वेगळे काढायला वजन कामाला येतं, आणि हे घरी करता येतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, त्यावर पाण्याचा पेला, आणि काटा शून्यावर. मोकळा खडा किंवा कडं आधी कोरडं तोलून घ्या. मग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो सरकलेल्या पाण्याचा. कोरडं वजन २०.०४ आणि हा आकडा ६.०० आला तर भागाकार ३.३४, म्हणजे जेडाइटला साजेसा. नेफ्राइट २.९५ च्या आसपास येतो, रंगवलेला क्वार्टझाइट, म्हणजे गारेचा दगड, २.६५ च्या. खड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा भागाकार खाली ओढतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. एका ग्रॅमच्या खड्यावर हा प्रयोग करू नका. तिथे ०.०१ ग्रॅमच्या चुकीने उत्तर ३.२३ ते ३.४५ मध्ये कुठेही जातं. आणि रंगवलेला जेडाइट हाही जेडाइटच असल्यामुळे ही परीक्षा तो सहज पार करतो. ‘बी’ प्रकारचाही बऱ्याचदा निसटतो. रेझिनबद्दल खात्री करायची तर प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणीच लागते. अहवाल हातात आला की त्यावरचं छायाचित्र, वजन आणि मापं समोरच्या दागिन्याशी जुळवून बघा, मगच निष्कर्ष वाचा. अहवाल रंग नैसर्गिक आहे का ते सांगतो. तो रंग किती चांगला आहे हे बहुतेक वेळा तुम्हालाच ठरवायचं असतं.

फोनवर फोटो बघून खरेदी होते, तिथे एवढं तरी मागा: खिडकीच्या उजेडात, दिवे बंद करून, खड्याच्या शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला अखंड व्हिडिओ, ज्यात दागिना हातावर घातलेलाही दिसेल. कागद पिवळसर किंवा निळसर दिसला तर हिरवाही तेवढाच सरकलेला आहे. त्वचा अनैसर्गिक गुलाबी किंवा केशरी दिसत असेल तर रंग वाढवलेले आहेत. तरीही फोनच्या पडद्यावर करडी झाक नीट दिसत नाही, म्हणून परत करण्याची मुदत लेखी घ्या आणि दागिना आल्यावर पहिल्याच दुपारी तो उत्तरेच्या खिडकीशी बघा.

कानातल्यांची जोडी असेल तर दोन्ही फुलं एकमेकांना चिकटवून बघितल्यावर त्यांना कानांच्या अंतरावर, साधारण १५ सेंटीमीटर लांब ठेवून दोन मीटरवरून बघा. जवळ ठेवल्यावर दिसणारा बारीक फरक या अंतरावर विरून गेला तर जोडी चालेल. तसा न विरता एक फूल पुढे आणि एक मागे वाटत राहिलं, तर त्यातलं गडद फूल अंगठीसाठी ठेवून दुसरीकडे जोडी शोधलेली बरी.